सुयांवर राहिलेलं हिरवं काम

आमच्या गावात आजी दारात आली की लोक आधी तिच्या हाताकडे बघायचे, मग चेहऱ्याकडे.

हातात हॉटडिशचं, म्हणजे बटाटे आणि मांस एकत्र भाजून केलेल्या आमच्याकडच्या जेवणाचं, गरम भांडं असलं तर काळजीचं काही नव्हतं. तुमच्याकडे बाळ झालं असेल, कुणाचा पाय मोडला असेल, किंवा सगळं घर मक्याच्या कापणीत इतकं बुडालं असेल की चूल पेटलेली नसेल. पण हातात फीत बांधलेली मऊ कागदी पिशवी असली, तर शहाणा माणूस परगावच्या मुलांना फोन लावायचा. त्या पिशवीत शाल असायची.

शाली चर्चच्या. आजी आणि तिच्या मैत्रिणी मंगळवारी चर्चच्या तळघरात बसून त्या विणायच्या. गावात कुणी फार आजारी पडलं की एकीने त्याच्यासाठी शाल घ्यायची, टाक्याटाक्याला त्याचं नाव मनात म्हणायचं, पुरी झाली की सगळ्याजणींनी तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, आणि मग ती पोचती करायची. पोचती करायचं काम आजीकडे होतं, कारण तिला लोकांकडे जायला आवडायचं. लोकांना ती यायला आवडतं का, हे कुणी तिला कधी सांगितलं नाही.

न्यायाने बोलायचं तर आजीच्या शालीने कुणीही मेलं नाही. ती जायचीच निघालेल्या माणसांकडे. धक्क्यावर रुमाल हलवणाऱ्यामुळे बोट सुटते असं कुणी म्हणत नाही. पण मिनेसोटातलं छोटं गाव आहे, हिवाळा लांबतो, लोकांना विचार करायला वेळ असतो. स्टॅन ऑफ्टेडाल न्युमोनियाने पडला होता तेव्हा आजीला पिशवीसकट येताना बघून त्याने खिडकीतूनच ओरडून सांगितलं, "आर्डिस, मला आता बरं वाटतंय!" आणि तो खरंच बरा झाला. भीतीने झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत.

अशी माझी आजी, आर्डिस टॉलेफसन, ऑक्टोबरच्या शेवटी दुपारच्या वेळी आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. मांडीवर विणकाम होतं. आजोबा समोरच होते. त्यांना वाटलं, ती टाके मोजतेय. टाके मोजताना आजीला हाक मारायची नाही ही आमच्या घरातली अकरावी आज्ञा होती, आणि बायबलातल्या पहिल्या दहांपेक्षा ती जास्त पाळली जायची. म्हणून आजोबा गप्प बसून राहिले. बराच वेळ. मी कामावरून आलो तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवून मलाही गप्प केलं.

अंत्यविधीच्या आधी पास्टरबाई घरी आल्या. त्या गावात नवीन होत्या आणि त्यांना प्रवचनासाठी आजीचं आयुष्य हवं होतं. माझी आई, जोलीन, सांगायला लागली. चार मुलं वाढवली. गाई होत्या तोवर धारा काढल्या. रविवारच्या शाळेत तीन पिढ्यांना नोहाची नौका पुठ्ठ्यातून कापायला शिकवली. रक्तदानाच्या दिवशी बिस्किटं वाटली आणि चक्कर येणाऱ्यांना झेललं. वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांची नखं रंगवली, त्यातले निम्मे तिच्याहून लहान होते आणि दोघे पुरुष होते, पण तक्रार कुणाचीच आली नाही. गावातल्या प्रत्येक मयताचं जेवण तिच्या नजरेखालून गेलं.

पास्टरबाई लिहून लिहून दमल्या. "आणि छंद काय होते त्यांचे?"

"हेच," आई म्हणाली.

"आणि श्रद्धेबद्दल?"

इथे आजोबा पहिल्यांदा बोलले. "मागून तिसऱ्या बाकावर बसायची."

पास्टरबाई पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या. पुढचं वाक्य नव्हतं, पण आजीला ओळखणाऱ्याला ते पुरलं असतं. पुढे बसणं म्हणजे आपण आलोय हे देवाला दाखवणं, आणि त्याला दिसतंच की, असं तिचं मत होतं. तिच्या प्रार्थना आटोपशीर असत. "त्याला कामं असतात," म्हणायची. 'तुझ्यासाठी प्रार्थना करीन' असं तिने कुणाला कधी म्हटलं नाही. गपचूप लोकर घ्यायची.

एक गोष्ट मी मात्र पास्टरबाईंना सांगितली नाही, आईलाही नाही. सप्टेंबरात एकदा मी आजीला मागच्या अंगणातून शेडकडे जाताना पाहिलं होतं. तिच्या हातात लेफ्साची लांब चपटी काठी होती आणि काठीवर अख्खा लेफ्सा लोंबत होता. बटाट्याची ती मोठी पातळ पोळी आमच्याकडे नाताळात करतात, सप्टेंबरात नाही, आणि केली तरी तिला फिरायला नेत नाहीत. थोड्या वेळाने आजी तोच लेफ्सा घेऊन परत आली. मी काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. रात्री तो जेवायला होता.

"पेट्रोलचा वास येतोय," आजोबा खाता खाता म्हणाले होते.

"तवा जुना झालाय," आजी म्हणाली होती.

मी भूक नाही म्हणालो, आणि झोपताना मनात म्हटलं, आजीचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही बहुतेक.

*

अंत्यविधी चांगला झाला. हॅमचे बन पुरले, जेलीत गाजर घातलेलं सॅलड उरलं, म्हणजे सगळं नेहमीप्रमाणे. आईने मला सांगितलं, "ग्रेडी, काही दिवस तू आजोबांपाशीच राहा." मी तसाही तिथेच राहत होतो, कारण धान्याच्या कोठारावर मला जो पगार मिळतो त्यात दुसरीकडे कुठे राहता येत नाही. पण आई 'राहा' म्हणाली तेव्हापासून माझ्या राहण्याला मान आला.

पुढच्या मंगळवारी डेलोरिसबाई आणि मॅव्हिसबाई आल्या. डेलोरिसबाई शालवाल्यांच्या म्होरक्या. मॅव्हिसबाई त्यांच्या मागून चालतात आणि त्यांची वाक्यं पुरी करतात, बहुतेक चुकीची. दोघींनी भोपळ्याच्या गोड वड्या आणल्या होत्या. आमच्याकडे पाहुणा मुद्द्याचं आल्या आल्या बोलत नाही. आधी हवेबद्दल बोलणं झालं, मग मागच्या वर्षीच्या हवेबद्दल. मग दोघी उठल्या, कोट घातले, आणि दारात उभ्या राहून डेलोरिसबाई आजोबांना म्हणाल्या, "तसं काही नाही म्हणा, व्हर्लिन. पण आर्डिसच्या सुयांवर काही राहिलंय का?"

त्यांचा नियम आहे. मंडळातली बाई गेली की तिचं अर्धं राहिलेलं काम बाकीच्यांनी पुरं करायचं, त्यावर हात ठेवायचे, आणि ज्याचं असेल त्याला द्यायचं. अर्धं काम अर्धं ठेवत नाहीत.

आजोबांनी आजीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. डेलोरिसबाईंनी टोपलीतून विणकाम उचललं आणि उलगडलं.

ते हिरवं होतं. गवताचं हिरवं नाही, देवदाराचं नाही. ट्रॅक्टरचं हिरवं, आणि कडेला पिवळी पट्टी. आमच्या तालुक्यात हे रंग जोडीने फक्त एकाच माणसाला शोभतात, आणि तो माणूस त्याच रंगांची टोपी घालून दारात उभा होता. तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं. मी तिघांतला एक.

आजोबांचा चेहरा पिठासारखा झाला.

"हे कुणाचं आहे ते दिसतंच आहे," मॅव्हिसबाई म्हणाल्या.

"ते माझं नाही," आजोबा म्हणाले. "मला काहीही झालेलं नाही." आणि ते विणकाम डेलोरिसबाईंच्या हातातून काढून घेऊन ते स्वयंपाकघरात निघून गेले. ज्या माणसाने आयुष्यात कुणाच्या हातातलं मीठसुद्धा 'जरा देतेस का' म्हटल्याशिवाय घेतलं नव्हतं, त्याने हे केलं.

आजोबा का घाबरले, हे गावात फक्त मला माहीत होतं. आजी जाण्याच्या आदल्या आठवड्यात मीच त्यांना गाडीने शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. त्यांच्या मानेवर एक गाठ आली होती. डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आजीला सांगितलं होतं, जुन्या ट्रॅक्टरचा कार्ब्युरेटर आणायला जातोय. पुरावा म्हणून येताना खरंच एक कार्ब्युरेटर आणला. तो आमच्या कुठल्याही यंत्राला बसत नाही. मानेवरच्या पट्टीबद्दल आजीने विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, दाढी करताना लागलं. पट्टी मानेच्या मागच्या बाजूला होती. आजी "बरं" म्हणाली आणि विणायला लागली.

आणि आता दवाखान्यातून फोन येत होते. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन वाजायचा आणि आजोबा कॉफीत बघत बसायचे.

"सांत्वनाचा असेल," ते म्हणायचे.

"रोज नाश्त्याच्या वेळी? त्याच नंबरवरून?"

"काही लोक मनाला फार लावून घेतात, ग्रेडी."

मी उचलतो म्हटलं तर हात आडवा धरायचे. त्या संध्याकाळी त्यांनी मला समजावून सांगितलं. समोर वड्यांचं ताट होतं.

"तिला कळलं होतं," ते म्हणाले. "मी कार्ब्युरेटर म्हणालो आणि तिने लोकर घेतली."

"आजोबा, तिने कधी सुरू केलं ते तरी माहीत आहे का?"

"पिशवी घेऊन ती चुकीच्या घरी गेलीय असं झालंय कधी?"

"स्टॅन ऑफ्टेडाल."

"त्याने घेतली नाही ना! तेच सांगतोय." त्यांनी वडीचा तुकडा मोडला आणि परत ठेवला. "अर्धी शाल कुणाला लागू होत नाही. सुया आत आहेत तोवर मी आहे."

माझे आजोबा ल्यूथरन पंथाचे ख्रिस्ती आहेत. त्यांचा भुताखेतांवर विश्वास नाही, नशिबावर नाही, फार उत्साही लोकांवरही नाही. पण आजीवर होता.

*

मग शोधाशोध सुरू झाली.

डेलोरिसबाई रोज काहीतरी घेऊन यायच्या आणि हवेबद्दल बोलता बोलता डोळ्यांनी घर झाडून काढायच्या. आजोबा रोज जागा बदलायचे. पहिल्या दिवशी विणकाम डीप फ्रीझरमध्ये माशांखाली होतं. दुसऱ्या दिवशी मॅव्हिसबाई म्हणाल्या, "मासे बाहेर काढून ठेवू का, व्हर्लिन, तुला सोपं पडेल," म्हणून ते पियानोच्या आत गेलं. तिसऱ्या दिवशी डेलोरिसबाईंना एकाएकी स्तोत्र वाजवावंसं वाटलं. मधल्या तीन पट्ट्या वाजल्याच नाहीत. त्यांनी भुवई वर केली, पण पियानोचं झाकण मालकाला विचारल्याशिवाय उघडणं त्यांना जमलं नाही. आमची माणसं चोरी पकडतील, पण आगाऊपणा करणार नाहीत.

त्या दिवशी त्यांना दारापर्यंत सोडायला मी गेलो. कोट घातल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तुला वाटत असेल, म्हातारी हट्टाला पेटलीय."

"नाही, डेलोरिसबाई."

"वाटत असेल. पण त्या दिवशी मी ते काम हातात धरून पाहिलंय." त्यांनी आवाज आणखी खाली घेतला. "ती शाल नाहीये, ग्रेडी. म्हणजे शालीसारखी शाल नाहीये. एकीकडे गोल, दुसरीकडे दोन फुगवटे. मध्ये भोकं."

"जाळीचं विणकाम असेल," मी म्हणालो. मला विणकामातला एवढा एकच शब्द येतो.

"जाळीची भोकं असतात ती मला कळत नाहीत का? आर्डिसचा टाका आयुष्यात चुकला नाही. आमचे चुकलेले ती न सांगता उसवून परत घालायची आणि आम्हाला वाटायचं आपल्याला जमलं." त्यांनी हातमोजे घातले, काढले. "तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि आम्ही तिच्या शेजारी बसून कॉफी पीत होतो. कुणाला कळलं नाही. मला ते काम घरी नेऊन उसवायचंय आणि नीट विणायचंय, बाकी कुणी बघायच्या आत. एवढंच."

मला लेफ्सा आठवला. मी त्यांच्यासाठी दार उघडलं.

म्हणजे आता आमच्याकडे दोन शक्यता होत्या. एक तर आजीला आजोबांचं मरण दिसलं होतं, नाहीतर आजीला काहीच नीट दिसत नव्हतं. आणि आजोबा फोन उचलत नव्हते. भिंतीवरचा फोन वाजला की मला वाटायचं घरात कुणीतरी मोठ्याने टाके मोजतंय.

शनिवारी थंडी पडली. सकाळी शेडच्या पत्र्यावर बर्फाची साय होती. आजोबांनी विणकाम कोटात घातलं आणि शेडकडे निघाले. मी मागून गेलो. शेडमध्ये त्यांच्या वडिलांचा जुना ट्रॅक्टर आहे. तो त्यांनी विकला नाही, कारण तो अजून चालतो, आणि आमच्याकडे चालणारी गोष्ट विकणं म्हणजे आजारी नसलेल्या माणसाला शाल देण्यासारखं आहे. त्याला केबिन नाही, छप्पर नाही. सीट म्हणजे एक लोखंडी परात, मागे वळवलेली. थंडीत त्या परातीवर बसणं हा आजोबांचा वर्षातला मुख्य तक्रारीचा विषय होता. माझी आई लहान असल्यापासून नोव्हेंबर लागला की ते घरात येऊन म्हणायचे, "त्या गार सीटने माझ्या आयुष्याचे अर्धे दिवस नेले." एरवी ते तक्रार करत नाहीत आणि कौतुकही करत नाहीत. लग्नाच्या दिवशी आजीला बघून ते "वाईट नाही" म्हणाले होते, आणि आजी हे सांगताना म्हातारपणीही लाजायची.

आजोबा विणकाम कुठे कोंबावं म्हणून ट्रॅक्टरभोवती फिरत होते, तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं.

"व्हर्लिन!" डेलोरिसबाईंचा आवाज. "आहेस का?"

आजोबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग ज्या चपळाईने त्या वयाचा माणूस फक्त आग लागली तर हलतो, त्या चपळाईने ते ट्रॅक्टरवर चढले, विणकाम सीटवर टाकलं, सरकवून सारखं केलं आणि त्यावर बसले.

दोघी आत आल्या. मॅव्हिसबाईंच्या हातात हॉटडिश होतं.

"काय चाललंय?" डेलोरिसबाईंनी विचारलं.

"बसलोय," आजोबा म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. ते फार ताठ बसले होते. इतके ताठ मी त्यांना फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलंय. सुया कुठे टोचत असतील याचा मी विचार केला नाही, म्हणजे केला, पण चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

"घरात चल की, गरम आहे तोवर खा."

"इथे बरं आहे."

"इथे गारठलास तर?"

"गारठत नाही."

मग हवेबद्दल बोलणं झालं. बर्फ पुढच्या आठवड्यात की त्याच्या पुढच्या, यावर झालं. स्टॅन ऑफ्टेडालच्या गुडघ्यावर झालं. मॅव्हिसबाईंचे हात भरून आले, त्यांनी हॉटडिश ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलं. डेलोरिसबाई निघाल्या, दारापर्यंत गेल्या, आठवण होऊन थांबल्या, परत निघाल्या. आमच्याकडे निरोप घेणं हे लोणच्यासारखं असतं, मुरावं लागतं. आजोबा हलले नाहीत. मला त्यांची कीव यायला लागली, आणि तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. खळ्यात उभं राहून दूरवर कुणी हाक मारली का हे ऐकताना माणूस जसा दिसतो, तसे ते दिसायला लागले.

"ग्रेडी," ते म्हणाले.

"काय, आजोबा?"

"मला गार लागत नाहीये."

"बरंय की."

"नाही, तुला कळत नाहीये." त्यांचा आवाज चढला. "मी या सीटवर बसलोय. नोव्हेंबर आहे. आणि मला गार लागत नाहीये!"

आणि सगळं विसरून ते उठून उभे राहिले.

विणकाम खाली घसरलं नाही. ते सीटला चिकटून राहिलं, म्हणजे चिकटवलेलं नव्हतं, बसलं होतं. गोल बाजू मागच्या वळणात नीट शिरली होती. दोन फुगवटे पुढच्या दोन खळग्यांत होते. पिवळी पट्टी परातीच्या काठावरून अर्धी खाली वळली होती, आणि उरलेला अर्धा काठ मागे सुयांवर लोंबत होता. मधली भोकं सीटच्या भोकांवर आली होती. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून त्या परातीला भोकं असतात. एकाला एक. एकही इकडे तिकडे नाही.

बॉनेटवर हॉटडिश वाफा सोडत होतं.

"लेफ्सा," मी म्हणालो.

तिघं माझ्याकडे वळले. मी सांगितलं. आजी काठीवर लेफ्सा घेऊन शेडमध्ये आली होती ते, आणि परत गेली ते. इथे आत येऊन तिने काय केलं असेल ते आता दिसतच होतं. ओला मऊ लेफ्सा सीटवर पसरायचा, तळहाताने थापायचा, कडेने दाबायचा, भोकं उमटू द्यायची, आणि अलगद उचलून घरात नेऊन त्यावरून माप घ्यायचं. टेप लावून सीटचं माप घेताना आजोबांनी पाहिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं. लेफ्साबद्दल त्यांनी विचारलंही होतं.

"तवा जुना झालाय," आजोबा हळूच म्हणाले.

डेलोरिसबाई ट्रॅक्टरपाशी गेल्या. हातमोजा काढून त्यांनी एकेका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "बघ गं, मॅव्हिस. प्रत्येकाची कड वेगळी बांधलीय, उसवू नये म्हणून." त्यांचे डोळे भरले होते आणि आवाजात जरब परत आली होती. "हिचं डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणे! कोण म्हणत होतं?"

"तूच," मॅव्हिसबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी बरोबर पुरं केलं.

आजोबा अजून ट्रॅक्टरवर उभेच होते. "सप्टेंबरात," ते म्हणाले. "कधी म्हणालास, ग्रेडी? सप्टेंबरात?"

"हो. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या."

"तेव्हा तर गाठच नव्हती." त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "तिला माहीतच नव्हतं. तिला फक्त माझं ऐकून ऐकून कंटाळा आला होता."

असं समाधान मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. बायको आपल्याला कंटाळली होती हे कळून इतका सुखावलेला नवरा आमच्या तालुक्यात तरी दुसरा नसेल.

"कसली गाठ?" डेलोरिसबाई म्हणाल्या.

आजोबांनी माझ्याकडे हात पुढे केला. "फोन दे."

"आत्ता?"

"आत्ता. मी वर आहे तोवर."

नंबर मला पाठ झाला होता. शनिवारीही कुणीतरी उचललं. आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावला, आणि शेडचा पत्रा असा आहे की सगळं दोनदा ऐकू येतं.

"मिस्टर टॉलेफसन!" नर्स म्हणाली. "कितीदा फोन केला तुम्हाला! आधी जन्मतारीख सांगा."

आजोबांनी ओरडून सांगितली.

"तू आर्डिसपेक्षा लहान आहेस?" मॅव्हिसबाई म्हणाल्या. "अगं बाई!"

"श्श!" डेलोरिसबाई म्हणाल्या.

"चरबीची गाठ आहे," नर्स म्हणाली. "बाकी काही नाही. अगदी निरुपद्रवी. त्रास होत नसेल तर तशीच राहू द्या. हेच सांगायला मी फोन करत होते."

"चरबी," आजोबा म्हणाले.

"हो. आणि तुमच्या पत्नीला सांगा, काळजीचं काही कारण नाही."

आजोबांनी सीटकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती करत नव्हती." आणि फोन माझ्या हातात दिला.

ते खाली उतरायला लागले. मी हात दिला तो त्यांनी घेतला, आणि नंतर बराच वेळ सोडायला विसरले. डेलोरिसबाई मात्र पेटल्या होत्या.

"मानेवर गाठ, आणि आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाहीस? आम्ही कशासाठी आहोत, व्हर्लिन? कळलं असतं तर लगेच शाल घेतली असती तुझ्यासाठी!"

"म्हणूनच नाही सांगितलं," आजोबा म्हणाले.

*

काठ पुरा करायला डेलोरिसबाईंनी ते घरी नेलं नाही. सीटवर बसवूनच विणायला हवं, म्हणाल्या, माप तिथेच आहे. म्हणून मंगळवारी सगळं मंडळ चर्चच्या तळघराऐवजी आमच्या शेडमध्ये जमलं. घडीच्या खुर्च्या आल्या, कॉफीचं मोठं भांडं आलं, आजीच्या पाककृतीने केलेल्या वड्या आल्या आणि त्या तिच्यासारख्या झाल्या नाहीत हे प्रत्येकीने वेगवेगळं सांगितलं. एक एक जण आळीपाळीने ट्रॅक्टरच्या मागे वाकून विणत होती. बाकीच्या आजीबद्दल बोलत होत्या. एकीला आजीने नवरा गेल्यावर हिवाळाभर रोज फोन केला होता आणि दर वेळी फक्त हवेबद्दल बोलली होती. "मला कळायचं ना, ती काय विचारतेय ते," ती बाई म्हणाली.

शेवटचा टाका डेलोरिसबाईंनी बंद केला आणि सुया काढल्या. आजोबा ते बघत होते. सुया निघाल्या, आणि ते होते तिथेच होते.

मग प्रश्न आला. मंडळातून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर हात ठेवून प्रार्थना करायची असते. पास्टरबाईंना बोलावलं होतं. त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं. त्यांच्या शिक्षणात हे आलेलं नसावं. "डेलोरिस, तुम्हीच सुरुवात करा," त्या म्हणाल्या.

जमेल त्या बाईने सीटवर हात ठेवला. जिला जागा मिळाली नाही तिने पुढचीच्या खांद्यावर ठेवला, ती रांग चाकापर्यंत गेली. आजोबांनी टोपी काढली. मीही.

"हे प्रभो," डेलोरिसबाई म्हणाल्या, "जो हिला खांद्यावर..." त्या अडल्या. शब्द शालीचे होते. "जो हिच्यावर... जो हिचा वापर करील, त्याला ऊब दे. आणि ज्या हातांनी ही विणली त्यांना विसावा. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. प्रार्थना छोटी होती. आजीला आवडली असती. त्याला कामं असतात.

"आता बस," डेलोरिसबाईंनी आजोबांना फर्मावलं.

आजोबा चढले. बसले. ट्रॅक्टर चालू केला, तो खोकला आणि लागला, आणि दार उघडून त्यांनी तो बाहेर काढला. अंगणात बर्फ पडायला सुरुवात झाली होती. एक मोठा फेरा मारून ते परत आले आणि इंजिन बंद केलं. सगळ्याजणी दारात उभ्या होत्या.

"काय रे, कसं आहे?"

आम्ही 'वाईट नाही' ऐकायच्या तयारीत होतो. आजोबांनी सीटच्या पिवळ्या काठावर हात ठेवला. बर्फ त्यांच्या टोपीवर साठत होता.

"छान आहे," ते म्हणाले. "फार छान आहे."

मॅव्हिसबाईंनी माझी बाही ओढली.

"ग्रेडी," त्या कुजबुजल्या, "त्या नर्सला परत एकदा फोन लाव बाबा."